उन्हाळी लागली आणि दवाखाना बंद : डॉक्टर भेटेपर्यंत घरी काय केलं

शनिवार, १० मे २०२५. साताऱ्याला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न आटोपून आम्ही ठाण्याला परतत होतो. मंगल कार्यालयात बायकांच्या बाथरूममधलं पाणी पहिल्या पंगतीलाच संपलं होतं. एक्स्प्रेस वेवर फूड मॉलला थांबलो तर बायकांची रांग पार बाहेरपर्यंत आलेली. त्यात मे महिन्याचा उकाडा. अशा प्रवासात आपण बायका पाणी बेतानंच पितो. गाडी माजिवड्याला आली तेव्हा ओटीपोटात जड वाटायला लागलं होतं. पुढे घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे नेहमीची कोंडी. वाघबीळला घरी पोचले ती चपला न काढताच बाथरूममध्ये गेले. लघवी झाली ती थेंबथेंब, आणि त्या थेंबांनाही अशी आग की दाराची कडी घट्ट धरून ठेवावी लागली. बाहेर येऊन हातपाय धुते न धुते तोच पुन्हा घाई. पुन्हा तसंच.

उन्हातून आलं आणि पाणी कमी पडलं की लघवी घट्ट, पिवळी होते आणि तेवढ्यानंही जळजळते. घरोघरी यालाच उन्हाळी लागली म्हणतात. ती जळजळ बहुतेक वेळा दोन-तीन ग्लास पाणी पोटात गेलं, लघवी पांढरी झाली की जाते. म्हणून आधी पाणी प्यायले, लिंबू सरबत प्यायले, तासभर वाट बघितली. लघवीचा रंग उतरला, पण आग तशीच राहिली. लघवी गढूळ दिसत होती, वासही वेगळा होता, आणि लघवी करून उठलं तरी झाल्यासारखं वाटत नव्हतं. हे युरिन इन्फेक्शन असणार याची मला जवळजवळ खात्री झाली.

अडचण होती ती कॅलेंडरची. रविवारी आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो आणि सोमवारी, १२ मेला, बुद्धपौर्णिमा. कंपाउंडरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सोमवारी सकाळी बंद. संध्याकाळी सहानंतर या." म्हणजे मधला सगळा वेळ घरीच काढायचा होता. तो कसा काढला, काय घेतलं, कशाला हात लावला नाही, आणि वाट बघणं कुठवर ठीक असतं, ते सगळं क्रमानं लिहिते. अशा वेळी रात्री फोन हातात घेऊन शोधायला बसलं की शंभर उपाय सापडतात, पण कोणता उपाय कशासाठी आहे हे कोणी सांगत नाही.

आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. आयुष्यभर सिस्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहेत. रात्री नऊच्या सुमारास त्यांचं दार वाजवलं. त्यांनी आधी मला बसवलं, कपाळाला हात लावला आणि आतून थर्मामीटर आणला. ताप नव्हता. "थंडी वाजून आली का मध्येच?" नाही. "उलटी, मळमळ?" नाही. "लघवीतून रक्त दिसलं?" नाही. "पाळी वेळेवर आहे ना? दिवस गेल्याची शंका वगैरे?" नाही. मग मला पाठमोरी बसवून त्यांनी शेवटच्या बरगडीच्या खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बघितलं. "इथे दुखतं?" तिथेही दुखत नव्हतं.

"मग सोमवार संध्याकाळपर्यंत घरी थांब," त्या म्हणाल्या. "पण मी आत्ता विचारलं त्यातलं एक जरी सुरू झालं ना, तर दवाखाना उघडायची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, सरळ कॅज्युअल्टी. मला उठव, मी येते तुझ्याबरोबर."

हे बोलणं या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. संसर्ग मूत्राशयापुरता असतो तोवर जळजळ, घाई आणि ओटीपोटात दुखणं असतं. तो वर मूत्रपिंडापर्यंत चढला की थंडी वाजून ताप येतो, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखतं, उलट्या होतात. तिथे घरगुती काहीही चालत नाही. शिवाय काही जणांनी लक्षणं साधी असली तरी वाट बघायची नसते: गरोदर बाई, मधुमेही, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, लघवीची नळी लावलेले, लहान मुलं, खूप वयस्कर माणसं. पुरुषांनीसुद्धा. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे आतड्यातले जंतू तिथून वर सहज पोचतात. पुरुषांचा त्याच्या चार-पाच पट लांब असतो, म्हणून त्यांना संसर्ग झाला तर मागे दुसरं काही कारण आहे का ते बघावं लागतं.

काकूंनी आणखी एक गोष्ट बजावली. "सोमवारी सकाळी लघवी तपासायला देऊन टाक, म्हणजे संध्याकाळी डॉक्टरांसमोर रिपोर्ट असेल. आणि सॅम्पल देईपर्यंत अँटिबायोटिकची एक गोळीसुद्धा घ्यायची नाही."

घरी आले तर सासूबाईंनी धने-जिरे भिजत घातले होते. "सकाळी गाळून देते, खडीसाखर घालून. आणि पायाच्या अंगठ्यांना चुना लाव, आमच्याकडे तेच करायचे." चुन्याला मी प्रेमानं नको म्हटलं. धन्या-जिऱ्याचं पाणी मात्र आनंदानं प्यायले, कारण तेवढंच पाणी पोटात जातं आणि चवीला साध्या पाण्यापेक्षा बरं लागतं. नारळपाणी, पातळ ताक, जवाचं पाणी यांचंही तेच. लघवी पातळ होते, आग थोडी कमी लागते, आणि वारंवार जाऊन आल्यानं मूत्राशय धुतलं जातं. जंतू मारायचं काम यातलं काहीच करत नाही, ही गोष्ट मी त्या सगळ्या वेळात मनात पक्की धरून ठेवली होती. मधुमेह असेल तर खडीसाखर नको, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नारळपाणीही विचारल्याशिवाय नको, आणि ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी तर भरपूर पाणी प्या हा सल्ला ऐकूच नये.

पाणी मी तासाला एक ग्लास या हिशेबानं प्यायले. एकदम तांब्याच्या तांब्या रिचवण्यात अर्थ नाही, पोट डब्ब होतं आणि मळमळतं. प्रत्येक वेळी बाथरूमला जायचं म्हटलं की आगीची भीती वाटते आणि पाणी प्यायचाच कंटाळा येतो. पण पाणी कमी केलं की पुढची लघवी आणखी जास्त जळते. दोन-तीनदा जाऊन आल्यावर हे शरीरालाच समजलं. घाई लागली की लगेच जायचं, धरून ठेवायचं नाही.

त्या रात्री सगळ्यात जास्त आराम कशानं पडला असेल तर रबरी शेकायच्या पिशवीनं. पिशवीत पाणी उकळतं घालायचं नाही, हाताला सोसेल त्याहून थोडं गरम. अर्धी पिशवी भरायची, आतली हवा दाबून काढायची, मग बूच घट्ट लावायचं. हवा राहिली तर पिशवी फुगते आणि पोटावर नीट बसत नाही. वर पंचा गुंडाळायचा आणि ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. आतला पीळ हळूहळू सुटतो. पिशवी तशीच ठेवून झोपू नये, कातडी भाजते. मी एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. तसं पडलं की ओटीपोटावरचा ताण जरा कमी वाटत होता. झोपण्याआधी काहीतरी खाऊन पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली. ती दुखण्यासाठी ठीक आहे, पण तिच्यानं तापही दबतो, म्हणून काकूंनी सांगितलं होतं की गोळी घ्यायच्या आधी ताप मोजायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. फ्रिजवरच्या दूधवाल्याच्या कॅलेंडरवर मी तो वेळेसकट लिहीत गेले. पुढे डॉक्टरांना तो कागद उपयोगी पडला.

रात्र तुकड्यातुकड्यांनी गेली. एकदा उठले तेव्हा उगाच रडू आलं. वेदना खूप होती असंही नाही, पण सारखं आणि तेच तेच होत राहिलं की माणूस रडकुंडीला येतं. मुलगी जागी होती, दहावीत गेलीय आता. तिनं विचारलं, "आई, काय होतंय नक्की?" मी तिला सगळं नीट सांगितलं. काय होतं, कुठे होतं, कशानं होतं. आपल्याकडे आईला लघवीचा त्रास होतोय हे मुलीला कधी कळतच नाही, आणि मग मुलीला झालं की तीही कोणाला सांगत नाही.

रविवारी सकाळी चहा सोडला. घरात ज्यांना सकाळचा पहिला चहा लागतो त्यांना कळेल हे किती अवघड आहे. पण चहा-कॉफी, कोल्ड्रिंक, तिखट, आंबट यांनी कित्येकांच्या मूत्राशयाची कुरकुर वाढते. लिंबू सरबतही त्यानंतर घेतलं नाही. मुगाची खिचडी, दूधभात, दुधी असं खाल्लं. अंगावर सैल सुती गाऊन.

लग्नाच्या ग्रुपवर कोणीतरी माझ्या तब्येतीचं टाकलं असावं, कारण दुपारपर्यंत फोन आणि मेसेज सुरू झाले. एका मामींनी खाण्याचा सोडा पाण्यातून घ्यायला सांगितला. त्यात सोडियम इतकं असतं की बीपी असलेल्या माणसानं तो असा पिणं धोक्याचं, आणि मोजमाप कोणालाच माहीत नसतं. मी घेतला नाही. दुसऱ्या एकीनं पाण्यात डेटॉल घालून धुवायला सांगितलं. हे तर अजिबात करू नका. तिथली कातडी नाजूक असते, डेटॉल, सुगंधी साबण, इंटिमेट वॉश या सगळ्यानं आग वाढते. साधं कोमट पाणी पुरतं. पुण्याच्या भाचीनं क्रॅनबेरी ज्यूस मागवून द्यायची तयारी दाखवली. क्रॅनबेरीनं काही बायकांमध्ये पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलंय, पण झालेला संसर्ग बरा करायला तिचा उपयोग नाही. बाजारातल्या खोक्यातल्या ज्यूसमध्ये साखर किती असते ते खोक्याच्या मागे वाचून बघा.

दुपारी नवऱ्यानं औषधांचा खण उघडला. त्यात त्याच्या मागच्या आजारपणातली सेफिक्झिमची उरलेली स्ट्रिप होती. "हे अँटिबायोटिकच आहे ना? दोन दिवस घे, बरं वाटेल." त्याला माझा त्रास बघवत नव्हता, म्हणून म्हणाला. मी नको म्हटलं. चार उरलेल्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते दबतात. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीत, मग काही उगवत नाही, आणि डॉक्टरला कोणता जंतू आहे हेच कळत नाही. ती स्ट्रिप त्याच दिवशी कचऱ्यात गेली असं नाही, पण माझ्या पोटात नक्की गेली नाही.

संध्याकाळी आग पुन्हा वाढली म्हणून खाली केमिस्टकडे गेले. काउंटरवर गर्दी होती. हळू आवाजात सांगितलं तर त्यानं तेवढ्याच हळू आवाजात उत्तर दिलं, "ताई, तीन दिवसांचा कोर्स देतो, फर्स्ट क्लास आहे, सगळे घेऊन जातात." चिठ्ठी त्यानं विचारलीच नाही. २०१४ पासून सेफिक्झिमसारखी बरीच अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. पाकिटावरची लाल रेघ असते ती हेच सांगायला. मी फक्त लघवीची आग कमी करणारं सिरप मागितलं. डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असं त्यावर लिहिलेलं असतं, निरनिराळ्या कंपन्यांचं मिळतं, मला सव्वाशेच्या आसपास पडलं. बाटलीवर लिहिलेल्या मापाप्रमाणे ग्लासभर पाण्यात मिसळून जेवणानंतर घ्यायचं. लघवीतलं आम्ल कमी करतं, त्यानं मला रात्री थोडी उसंत मिळाली. यातही सोडियम असतं आणि बऱ्याच ब्रँडमध्ये साखरही. बीपी, हृदय, किडनी, मधुमेह यातलं काही असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घेतलं असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. का, ते पुढे येतंच.

सोमवारी लॅब सुट्टीमुळे अर्धा दिवसच चालू होती, साडेसात ते बारा. हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवलं होतं. घरी येऊन सॅम्पल नेण्याची सोय होती, पण माणूस कधी येणार हे नक्की सांगत नव्हते. लघवी बाटलीत काढल्यावर तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी लागते. बाहेरच्या उष्णतेत जंतू वाढत राहतात आणि आकडा चुकतो. म्हणून स्वतः गेले. सकाळी पाणी मुद्दाम कमी प्यायले, फार पातळ लघवीत जंतूंची संख्या कमी दिसते म्हणून. वाघबीळहून रिक्षानं मानपाड्यापर्यंतचा रस्ता, आणि त्यावरचा एकेक खड्डा ओटीपोटात कळत होता.

काउंटरवर फॉर्म भरला: नाव, वय, मोबाइल, डॉक्टरांचं नाव. चिठ्ठी नव्हती तर तिथल्या मुलीनं "सेल्फ" असं लिहिलं. मग तिनं दोन प्रश्न विचारले, "सध्या अँटिबायोटिक चालू आहे का?" आणि "पाळी चालू आहे का?" दोन्हीची उत्तरं फॉर्मवर गेली. युरिन रुटीनचे २०० आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटीचे ७५० रुपये झाले. दोन्ही एकदमच सांगा. रुटीन आधी करू, कल्चर नंतर बघू असं म्हणालात तर मधल्या वेळात औषध सुरू होतं आणि कल्चरची वेळ निघून जाते. मुलीनं बारकोड चिकटवलेली पारदर्शक बाटली दिली आणि म्हणाली, "मधली धार हं, मॅडम."

मधली धार म्हणजे काय हे बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही, म्हणून लिहिते. आधी हात साबणानं धुवायचे. मग खालची जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवायची आणि स्वच्छ टिश्यूनं टिपायची. लॅबच्या बाथरूममध्ये पर्स टांगायला खुंटी नव्हती, मी ती गळ्यात अडकवली आणि ओढणी कमरेला खोचली. तुम्ही जाताना पर्स कोणाकडे तरी देऊनच आत जा. बाटलीचं झाकण उघडून आतली बाजू वर राहील असं बाजूला ठेवायचं, बाटलीच्या आत बोट लावायचं नाही. एका हातानं बाहेरची त्वचा बाजूला धरायची. पहिली थोडी लघवी खाली जाऊ द्यायची, मग धार न थांबवता बाटली मध्ये आणायची, अर्धी भरली की काढून घ्यायची, उरलेली पुन्हा खाली. या आजारात धारच नीट येत नाही, तेव्हा हे करताना दमछाक होते. घाई करू नका, बाहेर कोणी दार वाजवलं तरी. झाकण घट्ट लावून मी बाटली लगेच काउंटरवर दिली.

दुपारी चारच्या सुमारास रुटीनचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये आला. पस सेल्स २५-३०, नायट्राइट पॉझिटिव्ह, ल्युकोसाइट एस्टरेज पॉझिटिव्ह, लाल पेशी थोड्या. ठळक अक्षरातलं बघून धस्स होतं. पस सेल्स म्हणजे जंतूंशी झुंजायला आलेल्या पांढऱ्या पेशी, ल्युकोसाइट एस्टरेज ही त्याच पेशींची खूण, आणि नायट्राइट हे काही जंतू लघवीत तयार करतात; हे सगळं मिळून संसर्गाकडे बोट दाखवतात, एवढाच त्याचा अर्थ. ताप अजूनही नव्हता. काकूंनी रिपोर्ट बघून "बरं झालं दिलास" म्हटलं आणि मी सहाची वाट बघत बसले.

दवाखान्यात जोडून आलेल्या सुट्टीनंतरची गर्दी होती, तासाभरानं नंबर लागणार होता. कंपाउंडरनं नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "काय होतंय?" मी त्याच आवाजात सांगितलं, "लघवीला जळजळ होतेय, वारंवार जावं लागतंय, नंबर जरा पुढे घेता येईल का?" त्यानं घेतला. शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे झुकून विचारलं, "तुम्हालाही होतं का हो ते? मला पंधरा दिवस झाले, सुनेला कसं सांगू म्हणून बोलले नाही." त्यांना साखरेचा आजार होता, त्या गुडघे दाखवायला आल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, गुडघ्यांच्या आधी हे सांगा डॉक्टरांना." पंधरा दिवस. लाजेपायी बायका केवढं अंगावर काढतात, त्याचा मला अजूनही त्रास होतो.

डॉक्टरांनी शनिवारपासूनचं सगळं ऐकलं, कॅलेंडरच्या पानाचा फोटो बघितला. पाठीवर दोन्ही बाजूंना मुठीनं हलकंसं ठोकून पाहिलं, पोट दाबलं. मग प्रश्न: आधी कधी झालं होतं का, गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलं, कशाची ॲलर्जी, किडनीचा काही त्रास, गरोदरपण. लघवी केशरी करणारी, आग मारणारी गोळी घेतली होती का हेही विचारलं, कारण तिच्या रंगामुळे तपासणीच्या पट्टीचं वाचन बिघडतं. ती मी घेतली नव्हती. सिरपचं सांगितलं.

त्यांनी नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिलं, १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, भरल्या पोटी. आणि म्हणाले, "ते सिरप आता बंद." मी कारण विचारलं. हे औषध लघवी आम्लधर्मी असताना जास्त चांगलं काम करतं आणि सिरप नेमकं ते आम्लच कमी करतं. म्हणजे रविवारी रात्री ज्यानं उसंत दिली तेच सोमवारी रात्रीपासून औषधाच्या आड येणार होतं. प्रत्येक अँटिबायोटिकचं असं नसतं, काहींबरोबर सिरप चालतं, म्हणून काय घेतलंय ते सांगणं आणि काय चालू ठेवायचं ते विचारणं, दोन्ही गरजेचं. गोळीनं लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल, घाबरू नका, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. अंगावर पुरळ, धाप किंवा ताप आला तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा.

मंगळवारी रजा घेतली. आमचं ऑफिस ऐरोलीला. ट्रान्स हार्बर लोकलचा प्रवास फार नाही, पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस धरून सव्वा तास बाथरूमपासून लांब राहायची त्या दिवशी हिंमत नव्हती. डॉक्टरांचं सर्टिफिकेट पोर्टलवर टाकलं, आजाराचं नाव जसंच्या तसं. मंगळवारी रात्री घाई कमी झाली. बुधवारी सकाळी लघवीला गेले आणि आग जवळजवळ नव्हतीच. हायसं वाटणं म्हणजे काय ते त्या सकाळी कळलं. गोळ्या मात्र शेवटपर्यंत घेतल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या नाहीत.

कल्चरचा रिपोर्ट गुरुवारी आला. जंतू वाढायलाच वेळ लागतो, त्यामुळे दोन-तीन दिवस धरावेच लागतात. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे त्या औषधानं जंतू मरतो, आर म्हणजे तो दाद देत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होतं, फॉस्फोमायसिनपुढे एस. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे आर आणि सेफिक्झिमपुढेही आर. खणातली स्ट्रिप सेफिक्झिमचीच होती. नवऱ्यानं ती ओळ दोनदा वाचली, मग खण स्वतःच रिकामा केला. डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला, त्यांचं उत्तर आलं: तेच औषध पूर्ण करा.

खर्चाचं सांगायचं तर तपासण्यांचे साडेनऊशे, डॉक्टरांची फी ५००, गोळ्या आणि सिरप धरून सगळं पावणेदोन हजारांच्या आसपास गेलं. एवढे पैसे एकदम काढणं जमत नसेल तर महापालिकेचं जवळचं आरोग्य केंद्र किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे; सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. वेळ जास्त जातो, पण उरलेल्या गोळ्यांवर भागवण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

कोर्स संपल्यावर डॉक्टरांना शेवटचं भेटायला गेले तेव्हा पुन्हा तपासणी करायची का विचारलं. त्रास पूर्ण गेला असेल आणि गरोदरपण नसेल तर लघवी परत तपासायची गरज नाही, असं ते म्हणाले. पाणी मात्र रोजचं वाढवायला सांगितलं. कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं तर त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला, असा २०१८ सालचा अभ्यास आहे. धुताना पुढून मागे, संबंधांनंतर लघवीला जाऊन येणं, आणि प्रवासात धरून न ठेवणं. शेवटच्या बाबतीत मी त्यांना म्हटलं की डॉक्टर, धरून ठेवणं आमच्या हातात कुठे असतं, स्टेशनवर आणि रस्त्यावर स्वच्छ बाथरूम असायला हवं ना. त्यांनी मान डोलावली. आता लांबच्या प्रवासाला निघताना मी टॉयलेट सीटवर टाकायचे कागद, टिश्यू आणि पाण्याची जास्तीची बाटली बरोबर ठेवते, आणि ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवते की दर दोन तासांनी थांबायचं.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या करू, असं ठरलंय. कल्चरची पीडीएफ फोनमध्ये वेगळी ठेवलीय आणि एक प्रिंट फाइलमध्ये. पुन्हा कधी त्रास झाला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर आधी हा जुना रिपोर्ट दाखवायचा आणि नवं सॅम्पल द्यायचं, मगच गोळी.